परदेशातली विज्ञान सहल: पैसे भरण्याआधी



सध्या आपल्या भिवंडीत घराघरांत एकच विषय आहे. सुट्टीत मुलांना परदेशात नेणारी ‘विज्ञान आणि नेतृत्व’ सहल. शाळेतून पत्रक येतं, भिशीत चर्चा होते, मग जिन्यात, उपाश्रयात, भाजीवाल्यापाशी तोच प्रश्न: “तुमच्या चिंटूचं नाव दिलं का?” आठ-दहा दिवसांचे तीन-चार लाख. नाव दिलं नसेल तर आपणच कुठे कमी पडलो असं वाटायला लागतं.

माझं मत आधीच सांगते. परदेश नको, असं मी म्हणणार नाही. पण ज्या सहलीत निवडीची एकमेव अट पप्पांचा चेक आहे, तिला नेतृत्वाचं शिबिर म्हणू नये. फिरायला म्हणून खुशाल पाठवा, मुलं मजा करतील, त्यात वाईट काही नाही.

पत्रकात लिहिलेलं असतं, ‘आपल्या पाल्याची नासा भेटीसाठी निवड झाली आहे.’ फ्लोरिडातलं केनेडी अंतराळ केंद्राचं जे प्रदर्शन संकुल मुलांना दाखवतात, तिथे तिकीट काढून कोणीही पर्यटक जाऊ शकतो. अलाबामात हंट्सव्हिलला १९८२पासून ‘स्पेस कॅम्प’ भरतो. तो चांगला आहे, मुलांना गटात कामं वाटून देतात, नकली यानात बसवून मोहीम पार पाडायला लावतात. पण तोही तिथल्या राज्याच्या संग्रहालयाचा आहे, नासाचा नाही. म्हणून पत्रक हातात आलं की सरळ विचारा: किती दिवस शिकणं, किती दिवस बाजारहाट आणि जत्रेतले पाळणे? शिकवणार कोण? माझ्या हातात आलेल्या एका पत्रकात विज्ञान दीड दिवसाचं होतं.

आता दुसरं उदाहरण बघा. २०२५ साली पुणे जिल्हा परिषदेने आपल्या शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलांची, पुण्याच्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मदतीने टप्प्याटप्प्याने परीक्षा घेतली. पंचवीस मुलं नासाला आणि पन्नास इस्रोला, असा तो कार्यक्रम. गावातली, साध्या घरची मुलं. त्यांच्या आईबापांना चेक फाडायचा नव्हता, मुलांना अभ्यास करायचा होता. विमानात बसायच्या आधीच त्या मुलांनी अर्धी सहल कमावली होती. आपली मुलं हुशार नाहीत का? आहेत. आपणच त्यांना कमवायची संधी देत नाही.

आपल्याच इतिहासात बघा ना. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं बोलावणं आत्मारामजी महाराजांना आलं होतं. साधूंना जहाजाने जाता येत नाही, म्हणून वीरचंद राघवजी गांधी गेले. वय अवघं एकोणतीस. पण नुसतं तिकीट हातात देऊन त्यांना पाठवलं नव्हतं. महाराजांजवळ बसून त्यांनी तयारी केली आणि या परिषदेसाठी महाराजांनी ‘शिकागो प्रश्नोत्तर’ नावाचा ग्रंथच लिहिला. समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्या काहींनी विरोधही केला. आज विरोध कोणी करत नाही, उलट हार घालून विमानतळावर सोडायला जातात. तयारी मात्र बॅगेची होते. खाखरा किती, थेपले किती, कोरडा नाश्ता किती.

खाण्याचा मुद्दा निघालाच आहे तर एक गंमत सांगते. “चौविहाराचं कसं होणार?” ही आपली पहिली काळजी. मे महिन्याच्या अखेरीस फ्लोरिडात सूर्य मावळतो घड्याळातल्या सव्वाआठच्या सुमारास, आणि जूनमध्ये लंडनला तर रात्री सव्वानऊनंतर. चौविहार तिथे भिवंडीपेक्षा सोपा! खरी अडचण कंदमुळांची, कारण बटाटा सगळीकडे. पण ही सगळी उत्तरं आईने का शोधायची? तिथला सूर्योदय कधी, त्यात अठ्ठेचाळीस मिनिटं मिळवून नवकारसी कधी येते, उन्हाळ्यात उत्तरेकडे दिवस एवढा लांब का, हे मुलीने स्वतः वहीत काढलं, तर ते विज्ञानच झालं. आणि अनोळखी ताटासमोर “यात काय आहे?” असं न लाजता विचारता आलं, तर त्या वयात ते नेतृत्वही झालं.

मुलीने, असं मी मुद्दाम म्हटलं. आपल्याकडे भाऊ जातो आणि बहिणीला “तू पुढच्या वर्षी” सांगतात. पुढच्या वर्षी दहावी येते, मग बारावी, मग स्थळं. विज्ञानात तिचे गुण जास्त असतील तर आधी तीच जायला हवी. घरात हे बोलायला आपल्यालाच तोंड उघडावं लागेल, सासूबाई आपणहून बोलणार नाहीत.

आणि परदेशाच्या आधी घराजवळचं काय काय बघून झालंय? वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आपल्यापासून तासाभरावर. आपण दर्शन घेऊन, भजी खाऊन परत येतो. पाणी जमिनीत खोल जाऊन तापतं आणि भेगांतून वर येतं, हे किती मुलांना ठाऊक आहे? एक थर्मामीटर घेऊन जा आणि प्रत्येक कुंडाचं तापमान लिहून आणायला सांगा. माळशेज घाट चढून पलीकडे नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं. आणि नेतृत्वच शिकवायचं असेल तर पप्पांच्या कारखान्यात महिनाभर बसवा. लूमवरच्या कारागिरांची नावंसुद्धा आपल्या मुलांना माहीत नसतात.

नववीतलं मूल घरात असेल तर इस्रोच्या ‘युविका’कडेही लक्ष ठेवा. २०१९मध्ये सुरू झालेला हा उन्हाळी निवासी कार्यक्रम साधारण दोन आठवड्यांचा असतो. प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रोकडून. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन चाचणी, विज्ञान प्रदर्शनं आणि खेळसुद्धा धरतात. अर्ज बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. तेव्हा आपण लग्नसराईत असतो, म्हणून आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. फॉर्म मुलांनाच भरू द्या.