डबा परत आला म्हणून रागावण्याआधी



'डब्यात काही उरता कामा नये' हा नियम आपल्या बहुतेक वर्गांत असतो. नियम चांगलाच आहे. पण वर्गातल्या एखाद्या मुलाला क्रोन्सचा आजार असेल, तर हाच नियम त्याला रोजची शिक्षा वाटू लागतो. वरून बघितलं तर मूल धडधाकट दिसतं, म्हणून आपण म्हणतो, "नखरे आहेत सगळे!" मला हे पटत नाही.

१९३२ साली न्यूयॉर्कमधल्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून त्याला हे नाव पडलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पचनमार्गावर उलटते आणि तिथे सूज, जखमा होतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतं, पण लहान आतड्याचा शेवटचा भाग जास्त सापडतो. पोटात कळा, जुलाब, थकवा, वजन घटणं, आणि मुलांमध्ये उंची खुंटणं. आपल्याकडे आतड्याचा क्षयही बराचसा असाच दिसतो, त्यामुळे निदानाला वेळ लागतो. हा आजार शेजारी बसल्याने पसरत नाही, हे मुलांनाही सांगा.

आता खाण्याचं. "काय खायला घातलंत हो याला?" असं त्याच्या आईला कृपा करून विचारू नका. कुठल्या एका पदार्थामुळे हा आजार होत नाही. पण झाल्यावर काही पदार्थ त्रास देतात, आणि ते प्रत्येकाचे वेगळे असतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला एक दाणाही धोक्याचा ठरू शकतो. इथे तसं नसतं. इथे किती खाल्लं आणि आजार सध्या उसळलेला आहे की शांत, यावर सगळं अवलंबून. म्हणजे गेल्या महिन्यात पेरू आवडीने खाणारं मूल आज त्याला हात लावणार नाही. ते खोटं बोलत नसतं! आतडं सुजून अरुंद झालं असेल तर बिया, साली, मक्याचे दाणे, कच्ची कोशिंबीर अडकून कळा येतात. तोच दुधी सोलून मऊ शिजवला तर चालतो. कुणाला दूध सोसत नाही, पण दही पचतं.

पालकांनो, दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. शेजारी सांगतात गहू सोडा, मावशी सांगते दूध सोडा, व्हॉट्सॲपवर तिसरंच. एकेक करत शेवटी ताटात मऊ भात आणि वरण उरतं. वाढत्या वयात ही उपासमारच. हा आजार असलेल्या मुलांना डॉक्टर कधी कधी सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण थांबवून फक्त खास द्रव आहार देतात, पण तो पूर्ण पोषणाचा, मोजून दिलेला उपचार असतो. घरच्या पथ्याची त्याच्याशी तुलना नको. त्यापेक्षा एक साधी वही घाला. काय खाल्लं, किती, किती वाजता, नंतर काय झालं. शंका आली तर एका वेळी एकच पदार्थ थांबवा, आणि वही घेऊन डॉक्टरांकडे, आहारतज्ज्ञांकडे जा. आजार शांत झाला की थांबवलेलं पुन्हा थोडं थोडं देऊन बघायचं असतं, हे बरेच जण विसरतात. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

आणि आपण शिक्षकांनी काय करायचं? पोषण आहारात मटकीची उसळ असेल आणि त्याने "नको" म्हटलं, तर वाढू नका. वाढदिवसाचं चॉकलेट खिशात ठेवलं तर ठेवू द्या. कारण सगळ्यांसमोर विचारू नका. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, त्यावरून कुणी चिडवत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. सगळ्यात मोठी गोष्ट शौचालयाची. हात वर करून, परवानगी मिळेपर्यंत थांबणं या मुलांना जमत नाही. दाराजवळचा बाक द्या आणि न विचारता जायची मुभा द्या, परीक्षेतसुद्धा. कितीतरी मुलं या एका भीतीने शाळेत दिवसभर काही खातच नाहीत, आणि तो भरलेला डबा घरी जातो. सहलीला जाताना बस कुठे कुठे थांबणार आणि तिथे स्वच्छ शौचालय आहे का, हे आधी त्याच्या घरी कळवा. नाहीतर आदल्या रात्री घरून निरोप येतो, "तो येत नाहीये."