नवा शॅमेलिऑन काहीच खात नाही? आधी त्याच्याकडे बघणे थांबवा

रीलमधला शॅमेलिऑन हातावर चढतो, जीभ फेकून किडा टिपतो, रंग बदलतो. खोक्यातून घरी आलेला शॅमेलिऑन यातले काहीच करत नाही. तो एका फांदीला चिकटून बसतो, अंग चपटे करतो, काळपट पडतो आणि तीन-चार दिवस अन्नाला तोंड लावत नाही. मग मालक घाबरतो. चिमट्याने किडा तोंडाशी नेतो, पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघतो, शेजारच्या मुलांना दाखवायला बाहेर काढतो. नव्या शॅमेलिऑनची उपासमार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. त्याला भूक नसते असे नाही. आपल्याला कोणीतरी खाणार, अशी त्याला भीती असते.

तो आला कुठून?

खाण्यापिण्याच्या आधी हा प्रश्न, कारण उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे. बांधावरच्या बाभळीवर किंवा बोरीवर सापडलेला हिरवा, हलतडुलत चालणारा प्राणी म्हणजे भारतीय शॅमेलिऑन. मराठीत त्याला सरडगुहिरा म्हणतात, कुठे घोयरा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. ‘जीव वाचवायला घरी आणला’ हे कारण चालत नाही. रस्ता ओलांडताना दिसला तर तो ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर सोडावा. घरी आणलाच असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. तो विषारी असल्याची समजूत खेड्यापाड्यांत आजही आहे आणि त्यापायी तो मारला जातो. प्रत्यक्षात त्याला विष नसते. घोयऱ्याला घरात ‘रुळवण्याची’ कोणतीही पद्धत सांगण्यासारखी नाही, त्यामुळे इथून पुढचे त्याच्यासाठी नाही.

बाजारात पाळीव म्हणून मिळतो तो प्रामुख्याने व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा. तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी आपल्याकडेही सक्तीची झाली. फेब्रुवारी 2024 च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत परिवेश पोर्टलवर अर्ज करावा लागतो. विक्रेता कागद देत नसेल तर प्राणी घेऊ नये. ‘सगळे असेच विकतात’ हे उत्तर मालकाच्या उपयोगाचे नाही, कारण विचारणा झाली तर ती त्याच्याकडे होते.

पहिले दहा दिवस

शॅमेलिऑन कुत्र्यासारखा लळा लावत नाही. तो माणसाला फार तर सहन करतो, आणि हे मान्य नसेल त्याने तो घेऊच नये. रंग बदलणे म्हणजे पार्श्वभूमीत मिसळणे, हाही गैरसमजच. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिले की त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांमधले अंतर बदलले की रंग बदलतो. राग, भीती, तापमान असे बरेच काही त्या रंगात उमटते. राजकारण्यांना सरडा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: हा प्राणी रंग बदलून मनातले लपवत नाही, उघड करतो. घरी आल्यावर तो सतत काळपट दिसत असेल तर तो काय सांगतोय ते ऐकावे.

पहिली चूक म्हणजे काचेची माशांची टाकी. तिच्यात हवा खेळत नाही आणि काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसून तो समोर दुसरा शॅमेलिऑन आहे असे समजतो. मोठ्या व्हेल्डला साधारण दोन फूट लांब-रुंद आणि चार फूट उंच जाळीचा पिंजरा लागतो. पिंजरा टेबलावर चढवावा, म्हणजे त्याची बसायची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर येईल. वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्याला शिकारी पक्षी वाटते. मनी प्लांट, जास्वंद अशी खरी झाडे इतकी दाट लावावीत की त्याला पूर्ण लपता येईल. नर्सरीतली कुंडी आधी स्वच्छ धुवावी, पानांवर औषध असू शकते. टीव्ही, पंख्याचा झोत आणि मांजर दूर. मग दहा दिवस पाणी, किडे आणि सफाई यापलीकडे हात आत घालू नये.

वाटीत ठेवलेले साचलेले पाणी त्याला सहसा ओळखूच येत नाही, तो पानावरचे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन मिनिटे फवारा मारावा आणि दिवसा थोडा वेळ पानांवर थेंब पडत राहतील अशी सोय करावी. सलाईनची नवी कोरी नळी बाटलीला जोडली तरी काम होते. विष्ठेसोबत येणारा पांढरा भाग पिवळा-केशरी झाला किंवा डोळे खोल गेले तर पाणी कमी पडतेय. ‘खात नाही’ ही तक्रार अनेकदा मुळात ‘पीत नाही’ अशी असते.

जालन्याचा मे महिना हा वेगळा विषय. पारा चाळिशीच्या वर जातो, आणि व्हेल्डला एरवी 24 ते 28 अंश पुरतात. फक्त ऊन शेकायच्या एका फांदीपाशी 30-32 अंश हवेत. उन्हाळ्यात दिव्याऐवजी कूलरचाच विचार करावा लागतो, झोत थेट अंगावर न येऊ देता. अतिनील-ब किरणांची नळी मात्र बारा महिने हवी. खिडकीच्या काचेतून ही किरणे जवळजवळ येत नाहीत. ती नसली की कॅल्शियम शोषले जात नाही, हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, आणि पुढे जिभेचा नेमही चुकतो. भारनियमनाच्या दिवसांत सकाळचे कोवळे ऊन, अर्धी सावली ठेवून, हा चांगला पर्याय आहे.

किडे शेतातले नकोत

इथे जालनेकरांची एक अडचण आहे आणि एक सोयही. अडचण अशी, की कपाशी-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत शेतातून धरून आणलेला नाकतोडा विषारी असू शकतो. घरातल्या झुरळांचेही तेच. किडे पैदास केलेलेच हवेत: रातकिडे, पाळीव झुरळे. सोय अशी, की जालन्यात 2018 पासून रेशीम कोषांची बाजारपेठ आहे आणि जिल्ह्यात तुतीची शेती होते. रेशीम अळी मऊ, पाणीदार आणि कमी चरबीची, त्यामुळे रुळत नसलेल्या शॅमेलिऑनसाठी तिच्याइतका चांगला घास शोधून सापडणार नाही. तुतीवर कीटकनाशक जपूनच वापरावे लागते, नाहीतर अळ्याच मरतील. पण निर्जंतुकीकरणाची भुकटी धुरळलेल्या रॅकवरच्या अळ्या घेऊ नयेत, शेतकऱ्याला तसे स्पष्ट विचारावे.

किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. देण्याआधी किड्यांना एक दिवस गाजर, हिरवा पाला खाऊ घालावा. उपाशी किड्यात पोषण नसते. वर साध्या कॅल्शियमची भुकटी लावावी, डी-3 असलेली महिन्यातून दोनदाच. पिल्लाला रोज दोनदा, मोठ्याला एक दिवसाआड पाच-सहा किडे. मादी असेल तर हात आखडताच ठेवावा: नर नसतानाही ती अंडी घालते, आणि जास्त खाल्ले तर जास्त अंडी तयार होऊन अडकण्याचा धोका वाढतो. तिच्यासाठी ओलसर वाळूचा खोल डबा हवाच.

किडे फांदीला अडकवलेल्या पेल्यात ठेवून खोलीबाहेर जावे. तासाभराने मोजावेत, उरलेले काढावेत. रात्री मोकळे राहिलेले रातकिडे त्यालाच चावतात.

धडधाकट मोठा शॅमेलिऑन आठवडाभर उपाशी राहिला तरी तग धरतो, पिल्लाला दोन-तीन दिवसही जड जातात. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसला किंवा फांदीवरची पकड सुटू लागली, तर दिवस मोजत बसू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांवर नियमित उपचार करणारे पशुवैद्य मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत मिळतात. त्यांचा नंबर पिंजरा विकत घेण्याच्या आधी फोनमध्ये असावा.