अळणी पातेले वेगळे नको

आपण लष्करची जुनी मराठी मंडळी मिठाच्या बाबतीत मोठी हळवी आहोत. पिढ्यान्‌पिढ्या शिंदे सरकारचे मीठ खाल्ले आणि त्या मिठाला जागलो, हे आपण अजून अभिमानाने सांगतो. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. त्याआधीची शेवटची काही वर्षे माझे वडील तरुणपणी दरबारात गात असत. तेव्हा हा अभिमान माझ्याही वाट्याला आला आहे. परंतु आज बोलायचे आहे ते त्या मिठाविषयी नव्हे, तर रोज पानावर सर्वांत आधी वाढल्या जाणाऱ्या मिठाविषयी.

पानाची मांडणी आपण सोडलेली नाही, हे चांगलेच आहे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, पापड, एखादी तळलेली सांडगी मिरची. दिसायला हे सारे चिमूटचिमूटभर. पण यातले लिंबू सोडले तर प्रत्येक पदार्थ स्वतःचे मीठ घेऊन येतो. आमटीभाजीतले मीठ निराळे, सकाळच्या कचोरीतले आणि चहाबरोबरच्या नमकीनमधले आणखी निराळे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाकाठी, सर्व मिळून, पाच ग्रॅमांहून कमी मीठ खावे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. प्रत्यक्षात जगातला सरासरी माणूस याच्या दुपटीहून अधिक खातो, आणि आपल्या देशातील पाहण्यांतही आकडा पाचाच्या बराच वर निघतो.

जास्त मिठाने होते काय? मिठातले सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. त्यामुळे वाहत्या रक्ताचे प्रमाण वाढते आणि धमन्यांच्या भिंतींवरचा दाब चढतो. हे वर्षानुवर्षे चालले की भिंती कडक होतात. हृदय, मूत्रपिंड आणि मेंदू यांना त्याची किंमत द्यावी लागते. हे सारे बहुधा मुकाट्याने चालते. १९०५ साली कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने दंडावर पट्टा बांधून धमनीतला आवाज ऐकण्याची पद्धत शोधली. त्या आधी बहुतेकांना या दाबाचा पत्ताच लागत नसे. हा रोग आजही कानांनी ओळखता येतो, याचे आम्हा गाणाऱ्यांना नवल वाटावे.

माझ्या वडिलांना उतारवयात अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. तानपुरा लावला की ओठ हलत, षड्ज मात्र निघत नसे. ज्या गळ्याने घर चालवले तो असा मिटलेला पाहणे काय असते, ते मी येथे वर्णीत नाही. दोष एकट्या मिठाचा होता असेही मी म्हणत नाही. रक्तदाबाला वय, वंश, वजन, तंबाखू, दारू अशी पुष्कळ कारणे आहेत. पण वय आणि वंश आपल्या हातचे नाहीत. मिठाचा डबा मात्र हाताशी असतो.

दाब वाढला आहे असे डॉक्टरांनी सांगितले की आपल्या घरांत काय होते? आजाऱ्यासाठी एक लहानसे पातेले वेगळे निघते. बाकीचे खमंग जेवतात, आणि तो बिचारा अळणी वरणभात पुढे घेऊन दुसऱ्यांच्या पानाकडे बघत बसतो. चार दिवसांनी लोणच्याची बरणी कोणी पाहत नाहीसे बघून उघडली जाते. ही रीत मला दोन्ही बाजूंनी चुकीची वाटते. आजारी तिच्यात टिकत नाही, आणि त्याच पंगतीला बसलेला त्याचा पस्तिशीतला मुलगा त्याच वाटेने निघालेला असतो, त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. माझे म्हणणे एवढेच की वेगळे पातेले बंद करावे आणि घराच्या मोठ्या पातेल्यातलेच मीठ कमी करावे.

चव जाईल, ही भीती खोटी आहे. शिकवणीत कर्कश पेटीवर वाढलेला मुलगा येतो, त्याला आरंभी तानपुरा ऐकूच येत नाही. पेटी बंद ठेवावी. काही आठवड्यांत खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधारही त्याला ऐकू येऊ लागतो. जिभेचे असेच आहे. मीठ हळूहळू कमी केले तर दोन-तीन महिन्यांत जीभ रुळते आणि पूर्वीचेच जेवण खारट लागते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे.

साऱ्या घराचे मीठ बदलण्याने गुण येतो याला दाखला आहे. चीनमधील सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या खेड्यांत घरातल्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले, तेव्हा तेथे अर्धांगाचे झटके चौदा टक्क्यांनी कमी आढळले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी असले मीठ डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

कोणी म्हणेल, आमचे आजोबा मीठ खाऊन नव्वद वर्षे जगले. जगले ते आपल्याला आठवतात. जे पन्नाशीत ‘अचानक गेले’ त्यांचा दाब कोणी मोजला होता? कोणी ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याकडे बोट दाखवील. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात राबणाऱ्याचे मीठ घामावाटे जाते हे खरे. पण वाळ्याच्या पडद्याआड किंवा पंख्याखाली बसणाऱ्याने त्याचा हवाला देऊ नये. सैंधवाचाही आडोसा नको. तेही बव्हंशी तेच मीठ, आणि त्यात आयोडीन बहुधा घातलेले नसते. मीठ थोडे घ्यावे, पण आयोडीनयुक्त घ्यावे.

करायचे ते अवघड नाही. या महिन्यात पातेल्यातले मीठ चतुर्थांशाने कमी करावे. लोणच्याची एकच फोड वाढावी, पापड सणावारी तळावा. पण हा भार एकट्या घरच्या बाईवर टाकून भागणार नाही. पहिला घास तोंडात जाण्याआधीच जे ‘मीठ आण’ म्हणून हाक देतात, ते बहुधा आपण पुरुषच. ती हाक आपणच थांबवली पाहिजे.