उंबरठ्याबाहेर : लोणारच्या विवरात सासूबाईंबरोबर

मैत्रिणींनो, लग्न होऊन वाशीमला आले त्याला तेरा वर्षं झाली. रिसोडवरून लोणार काही फार लांब नाही. तरी ते विवर मी पाहिलेलं नव्हतं, आणि शाळेत मुलांना मात्र ‘जगप्रसिद्ध’ म्हणून शिकवत होते! शेवटी गेल्या फेब्रुवारीत सासूबाईंनीच विषय काढला. कमळजादेवीची ओटी भरायची राहिली होती.

काठावर उभं राहिलं की आधी काही बोलवतच नाही. जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, १३७ मीटर खोल. चाळीस मजली इमारत त्यात सहज मावेल. तळाशी हिरवं पाणी. आकाशातून उल्का कोसळून हे झालं. त्याला सुमारे पावणेसहा लाख वर्षं झाली, असा अलीकडचा अंदाज आहे. खडक म्हणाल तर आपल्याच विहिरींना लागतो तो काळा पाषाण. पण इथे काठावर त्याचे थर वर उचलून बाहेरच्या बाजूला कलले आहेत. सैल कणकेत वरून लिंबू टाकलं की भोवतीची कड कशी उचलते, तसे. आधी कित्येकांना हा ज्वालामुखी वाटे. आघातानेच बनते अशी काच या खडकात सापडली, ते १९७३ साली प्रसिद्ध झालं, आणि वाद मिटला.

सासूबाईंना वर गावातच बसवावं, असा माझा बेत होता. त्यांचे गुडघे दुखतात ना! त्यांनी ऐकलं नाही. काठी घेतली आणि निघाल्या.

खालचं पाणी खारट, धुण्याच्या सोड्यासारखं बुळबुळीत, आणि वास असा की पदर नाकाला लावावा. आपण पापडाच्या पिठात घालतो त्याच जातीचा हा खार. इथल्या खारापासून साबण आणि काच होते, असं ‘ऐन-इ-अकबरी’त लिहिलेलं आहे. हेच पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. आणि गंमत म्हणजे काठावरच्या धारेचं पाणी मात्र गोड! देवळासमोर ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. अर्धं पाणी गोड, अर्धं खारट, असं सांगतात. कुठली बाजू कुणाची, हे आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

ओटी भरली, चढण सुरू झाली, आणि निम्म्यावर माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. खरं सांगते, सकाळपासून मी घोटभरही पाणी प्यायले नव्हते. तुम्हीही हेच करता ना? बाहेर सोय कुठे असेल ठाऊक नाही, म्हणून पाणी तोडायचं. सासूबाईंनी मला दगडावर बसवलं. “काहून वं, पानी नाई पेली ना तू?” म्हणाल्या, आणि पिशवीतून साखर-मीठ घातलेल्या पाण्याची बाटली काढली. त्या स्वतः वाटेत दोनदा पाणी प्यायल्या होत्या, आणि झुडपाआड जायला लाजल्याही नव्हत्या.

तेव्हा जायचं असेल तर माणशी दोन बाटल्या पाणी घ्याच. गावात सोय उरकून उतरा, पण पाणी तोडू नका. सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात तो काळा दगड तव्यासारखा तापतो. पायात पट्ट्याचे बूट असावेत, चपला घसरतात. खाण्याची पिशवी उघडी धरू नका, वानरं टपलेली असतात. हे अभयारण्य आहे, तेव्हा मुलांचे खिसे तपासा. आमच्या चिरंजीवांनी तीन दगड भरले होते, ते परत ठेवायला लावले.

सासूबाई अजून गल्लीत सांगत असतात, “माह्या सुनेले म्याच वर आनलं!”