दलालावांचून घरविक्री

दलालावांचून घर विकतां येईल काय, असें पुष्कळ गृहस्थ विचारतात. अवश्य येईल, खरेदीखत नोंदविण्यास दलाल लागत नाहीं. परंतु गिऱ्हाईक शोधणें हें त्यांतलें सोपें काम होय. अवघड काम उंबरठ्याच्या आंतलें आहे.

शहरांतील वडिलोपार्जित वाडा असल्यास प्रथम सिटी सर्व्हे कचेरींतून मिळकत पत्रिकेचा उतारा काढावा व त्यावरील नांवें वाचावीं. आजोबांचेंच नांव राहिलें असेल तर वारसनोंद करून घ्यावी. नंतर बहिणींना विचारावें. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें वाटणी न झालेल्या एकत्र मिळकतींत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील त्यापूर्वींच वारले असले तरी तो बुडत नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला आहे. "तिला सासरीं काय उणें आहे?" हें उत्तर कोर्टांत चालत नाहीं, घरींही चालूं नये.

सर्वांची लेखी संमति हातीं आल्यावरच इसार घ्यावा. तो २०,००० रुपये वा अधिक असल्यास रोखीनें घेऊं नये. खरेदीखत सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत नोंदवावें.

दलाली वांचेल ती वांचो. वाडा गेला तरी बहिणीचें माहेर राहिलें, तरच व्यवहार नीट झाला म्हणावयाचा.