पटाचे गणित आणि मुलांचे मन

वर्गात एकाएकी भडकून दप्तर भिरकावणारे मूल आणि महिनोन्‌महिने शब्दही न उच्चारणारे मूल, या दोघांचीही शाळेतील वाट एकच असते. प्रथम ‘व्रात्य’ किंवा ‘ढ’ असा शिक्का बसतो, मग गैरहजेरी वाढते आणि अखेरीस शाळा सुटते. भावनिक अक्षमता डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शासनाच्या हिशेबातही ती येत नाही. २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. तीस मुलांच्या वर्गात अशी सरासरी दोन मुले असणार.

संगमनेरमधील सुस्थित पालक अशा मुलाला घेऊन नाशिक किंवा पुणे गाठतात. विड्या वळणाऱ्या मातेने काय करावे? ऊसतोडणीच्या हंगामात कोपीवर राहणाऱ्या किंवा पठारावर जिराईत कसणाऱ्या कुटुंबाने कोणाचे दार ठोठवावे?

या मुलांची गरज गूढ नाही. पाच-सात जणांचा गट, वर्षभर न बदलणारा प्रशिक्षित शिक्षक, ठरलेला दिनक्रम, मन बिथरले तर शांत बसण्याची जागा आणि एकेका विषयाने मोठ्या वर्गात परतण्याची वाट, एवढेच ते आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराचा समावेश दिव्यांगत्वात केला आणि शाळांवर आवश्यक ते व्यक्तिगत साहाय्य पुरविण्याचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने जून २०२२ मध्ये प्रमाणही ठरविले : विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी पाचवीपर्यंत १० मुलांमागे आणि सहावी ते आठवीत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक. कायद्याला लहान गटाचे महत्त्व उमगले आहे. तिजोरीला मात्र ते उमगायचे आहे.

त्याच २०२२ साली राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागविली आणि २०२३ साली ‘समूह शाळां’ची योजना पुढे आणली. लहान पट म्हणजे तोटा, असे हे तर्कशास्त्र आहे. भेदरलेल्या मुलाला जिथे शिक्षक नावाने ओळखतो, ती वाडीवरची शाळा मोडायची आणि त्याला गर्दीत ढकलायचे, यालाच काटकसर म्हणतात! संगमनेरने सहकारातून याच्या उलट धडा घालून दिला आहे. दोन लिटर दूध घालणाऱ्याला तालुक्याचा दूध संघ ‘तू परवडत नाहीस’ असे म्हणत नाही. गावोगावी जाऊन ते दूध गोळा केले जाते. दुधाला जो न्याय, तो मुलाला का नाही?

काही सद्हेतू मंडळी यावर गावाबाहेर स्वतंत्र केंद्रे सुचवितात. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने हा प्रयोग करून पाहिला आहे. तेथे भावनिक अडचणी असलेल्या मुलांसाठी वेगळ्या केंद्रांचे जाळे उभारण्यात आले. ही केंद्रे मुलांना अकारण वेगळे पाडतात आणि निकृष्ट शिक्षण देतात, असा आरोप ठेवून २०१६ साली तेथील केंद्रीय न्याय खात्यानेच राज्याविरुद्ध दावा दाखल केला. उपचाराच्या नावाने उभारलेली भिंतही भिंतच असते. लहान गट हवा, पण तो शाळेच्या आवारात हवा आणि मुलाचे नाव त्याच्या मूळ वर्गाच्या पटावरच राहिले पाहिजे.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक केंद्रशाळेत एक लहान गट असावा. त्याला कंत्राटी नव्हे, कायम विशेष शिक्षक मिळावा. प्रमाणपत्राची वाट न पाहता मुलाला मदत सुरू व्हावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विडी कामगार आणि ऊसतोड मजुरांची संघटना बांधणाऱ्या कार्यकर्त्यांनी या समित्यांकडे आजवर दुर्लक्षच केले आहे. मजुरीचा दर वाढवून घेणाऱ्या चळवळीने त्याच मजुराच्या मुलाला वर्गाबाहेर पडताना पाहत राहावे, हे तिला शोभणारे नाही. ठराव तेथे मांडले जावेत, आणि मंजूर होईपर्यंत पुन्हापुन्हा मांडले जावेत.