अंड्याच्या भावाचा हिशेब

युद्धात होरपळणाऱ्या युक्रेनमध्ये जानेवारी २०२३ मध्ये अंड्याच्या भावाने संरक्षण मंत्रालय हादरले. सैनिकांच्या शिध्यासाठी मंत्रालय एका अंड्याला १७ रिव्निया मोजत होते. कीव्हच्या दुकानांत तेच सातच्या आसपास मिळे. पत्रकार युरी निकोलोव्ह यांनी तो करार उघडकीस आणला. उपमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि सप्टेंबरात संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझ्निकोव्ह यांनाही पद सोडावे लागले.

याच देशात २०१६ पासून सरकारी खरेदी ‘प्रोझोरो’ या ऑनलाइन प्रणालीतून होते. कोणी किती बोली लावली, कंत्राट कोणाला मिळाले, हे लिलाव संपताच कोणीही पाहू शकतो. युद्धाचे कारण देऊन लष्करी खरेदी त्यातून वगळली गेली आणि घोटाळा नेमका तिथेच निघाला. अखेर शस्त्रास्त्रे सोडून इतर लष्करी खरेदीचे दर युद्धकाळातही जाहीर करण्याचा कायदा तिथल्या संसदेला करावा लागला. लढाई चालू असताना नागरिकांनी सरकारकडून हा हिशेब वसूल केला, याचे आम्हाला मोल वाटते.

इंटरनेट आले म्हणजे लाचखोरी गेली, असे मात्र कुठेच घडलेले नाही. चीनमध्ये शंभर कोटींहून अधिक लोक ऑनलाइन आहेत. तिथे अधिकाऱ्यांनी आपली मालमत्ता जाहीर करावी, अशी मागणी करणाऱ्या चळवळीचे नेते शू झियोंग यांना २०१४ मध्ये चार वर्षांचा तुरुंगवास ठोठावण्यात आला.

महाराष्ट्रात सातबारा मोबाइलवर आला, तलाठी कार्यालयातले हेलपाटे कमी झाले. शेतकऱ्याला याचा खरा दिलासा आहे. पण त्या नोंदींमागचे व्यवहार खणून काढणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहते? जमीन घोटाळे उजेडात आणणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाड्यात भररस्त्यात हत्या झाली. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला. तो अजून अमलात आलेला नाही. उलट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीविषयीचे कलमच बदलले. माहिती नाकारण्यापूर्वी जनहित तपासण्याची त्यातली अट गेली. आता अधिकाऱ्याची मालमत्ता किंवा लाभार्थ्यांची यादी मागितली, की ‘वैयक्तिक’ असा शेरा मारून अर्ज निकाली काढणे सोपे झाले आहे. ती अट केंद्राने परत आणावी आणि २०१४ चा कायदा लागू करावा. त्यासाठी नवे पोर्टल लागत नाही. एक दुरुस्ती आणि एक अधिसूचना पुरे.